वाडेकाका

आमच्या दाराला बेल आहे. कोकिळेच्या आवाजाची, बिल्डरने फुकट दिलेली. वाडेकाका ती वाजवत नाहीत. उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून ते दारावर तीन ठिकाणी ठोकतात, वर, मध्ये आणि कडीजवळ, आणि कान लावून उभे राहतात. पहिल्यांदा आले तेव्हा मी दार उघडलं, तर एक सत्तरीचे गृहस्थ मान तिरकी करून, माझ्या छातीशी कान आणून उभे. "पोकळ आहे," ते म्हणाले. मला वाटलं माझ्याबद्दलच बोलताहेत. "दार हो. आत पुठ्ठा भरलाय. दहा पावसाळे काढले तरी नशीब." मग चपला काढल्या, आत आले, आणि चहा बिनसाखरेचा चालेल म्हणाले.

भुकूमला राहायला येणारी आमच्यासारखी माणसं पुण्यात परवडत नाही म्हणून येतात आणि हवा चांगली आहे म्हणून आलो असं पाहुण्यांना सांगतात. काका दोन्ही सांगत नाहीत. ते सरळ सांगतात, "वाडा गेला, म्हणून आलो." ऐकणाऱ्याला क्षणभर कुणीतरी वारल्यासारखं वाटतं. तो "अरेरे, कधी?" असं विचारतो आणि तिथे त्याचा पुढचा पाऊण तास जातो.

वाडा सदाशिव पेठेतला. दुमजली, दोन चौकी. हिस्सेदार अकरा, भाडेकरू नऊ. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी जी गोठली ती गोठलीच. एका बिऱ्हाडाचं भाडं महिना चौदा रुपये, तेही मनिऑर्डरने, म्हणजे पोस्टमनला चहा पाजला की तो महिना तोट्यात. अशा उत्पन्नात कौलं कोण चाळणार? एका जुलैत मागची पडवी रात्री बसली. माणूस कुणी सापडलं नाही, एक सायकल तेवढी गेली. मग महापालिकेची 'धोकादायक' अशी नोटीस, मग विकसक, मग सह्या.

"शेवटची सही माझी होती," काका सांगतात.

"शेवटची होती, पण होती," काकू आतून म्हणतात.

त्या वाड्याचा दरवाजा काकांनी आणला. साडेआठ फूट उंच, पितळी कडीचा, पोटात दिंडी असलेला. सोबत खांबाखालचे दोन दगडी तळखडे आणि एक लाकडी केळफूल. टेम्पो सोसायटीत आला तेव्हा कळलं की लिफ्ट आठ माणसांची असली तरी एका दरवाजाची नाही. जिन्याच्या वळणावर तो अडला, तो परत खाली आला, आणि तेव्हापासून काकांच्या पार्किंगमध्ये, सतरा नंबरला, भिंतीला टेकून उभा आहे. काकांनी गाडी घेतली नाही. घेऊन ठेवणार कुठे? वार्षिक सभेत दर वर्षी 'पार्किंग क्र. १७ मधील दरवाजाबाबत' असा विषय असतो आणि दर वर्षी काका एकच उत्तर देतात: "दिनकर केळकरांनी कोथरूडचा अख्खा मस्तानी महाल उचलून शुक्रवार पेठेत संग्रहालयात उभा केला. मी एक दरवाजा भुकूमला आणला, तर तुमच्या पोटात दुखतंय?" सचिवांना मस्तानी महालाचं उत्तर सुचत नाही. विषय पुढच्या वर्षावर जातो. दसऱ्याला लोक गाड्यांना हार घालतात, काका त्या दरवाजाला तेल चोळून झेंडूचं तोरण बांधतात. सोसायटीतली पोरं लपाछपी खेळताना दिंडीतून आत जाऊन भिंतीशी लपतात. अडीचशे वर्षांच्या दरवाजाचा याहून चांगला उपयोग मला तरी सुचत नाही. (अडीचशे हा काकांचा आकडा. काकूंच्या मते दीडशे.)

काकांच्या खांद्याला एक खाकी पिशवी असते. तिच्यात मोजपट्टी, विजेरी, आलेखाचा कागद आणि ओळंबा. हो, गवंड्याचा ओळंबा. एका रविवारी त्यांनी तो आमच्याच इमारतीच्या गच्चीवरून सोडला आणि खाली येऊन शांतपणे जाहीर केलं, "पाव इंच पश्चिमेला." तासाभरात व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर इमारत कलल्याची बातमी फिरली, दोघांनी बँकेला फोन केला, एकाने सासऱ्यांना. संध्याकाळी काकांना बोलावून घेतलं. ते म्हणाले, "अहो, वारा होता."

चुन्याचा प्रयोग त्याहून गाजला. सिमेंट हा विषय निघाला की काकांचं तोंड कडू होतं. जुन्या चुन्याची कृती मात्र ते अशी सांगतात की ऐकणाऱ्याला भूक लागावी: कळीचा चुना भिजवायचा, महिनाभर मुरवायचा, घाणीत मळायचा, वरून गूळ, बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी. तेवढ्यावर न थांबता त्यांनी बादलीभर चुना बाल्कनीत कालवला आणि भिंतीला हातभर गिलावा केला. गूळ जरा सढळ पडला असावा. दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग तिसऱ्या मजल्यापासून सातव्यापर्यंत काकांकडे चालली होती. औषध फवारणाऱ्याचं बिल काकांनी निमूट भरलं. तो गिलावा आजही आहे आणि त्याला एक चीर नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर काका माझ्याशी बोलायचे नाहीत.

मुंबईत १९९५ साली वारसा इमारतींचे नियम झाले, तेव्हापासून काकांना जगाची प्रतवारी लावायची सवय जडली. ग्रेड वन म्हणजे हात लावायचा नाही. ग्रेड टू (त्यातही टू-ए आणि टू-बी) म्हणजे बाहेरून तसंच ठेवायचं, आतून जपून बदल चालतो. ग्रेड थ्री म्हणजे एकटीदुकटी फार मोठी नव्हे, पण आळीला रूप देणारी इमारत, तिथे जरा सैल. पुढे पुण्याच्याही यादीत प्रती आल्या आणि काकांच्या बोलण्यात त्या कायमच्या घुसल्या. वरणफळं ग्रेड वन. नळस्टॉपचा चहा, पूर्वी टू, आता थ्री. धाकटा जावई बरीच वर्षं यादीतच नव्हता. एकदा मी गमतीने विचारलं, "आणि काकू?" काका विचारात पडले, तेवढ्यात काकूच म्हणाल्या, "मी ग्रेड टू. बाहेरून तशीच आहे, आतून दोन्ही गुडघे बदललेत."

काकूंचं आणि वाड्याचं नातं वेगळं आहे. काका वाड्याबद्दल बोलतात तेव्हा त्यात चौक असतो, तुळस असते, सुरूचे खांब, महिरपी, उन्हाळ्यात गार लागणारं माजघर. काकू बोलतात तेव्हा त्यात घुशी असतात, नऊ बिऱ्हाडांत मिळून दोन संडास असतात, पहाटे चारला येणारं पाणी असतं, आणि भिंतीतल्या त्या अंधाऱ्या जिन्याने कळशी वर नेताना तिसऱ्या पायरीला जपायचं असतं, कारण ती सुटी होती. काका म्हणतात, "त्या जिन्याची रुंदी बघा, शत्रूला एकेकानेच वर यावं लागे!" काकू म्हणतात, "शत्रू एकदाही आला नाही. पाणी रोज मी आणलं." दोघांच्या बोलण्यात खोटं काहीच नसतं. दोघं एकाच घराबद्दल बोलताहेत हे मात्र आठवण करून द्यावं लागतं.

आगी, पूर आणि पाडापाडी यांच्या तारखा काकांना घरच्या श्राद्धांसारख्या पाठ आहेत. २७ फेब्रुवारीला सकाळी भेटले की चेहरा उतरलेला. "आजच लागली." काय? "आग. शनिवारवाड्याला. १८२८." ज्या वाड्याचा पाया १७३० च्या जानेवारीत घातला, त्यातलं लाकूडकाम गेलं आणि तट, दरवाजे, जोती उरली, हे ते अशा आवाजात सांगतात की आपण विझवायला गेलो नाही याची लाज वाटावी. १८७९ च्या मे महिन्यात बुधवार वाडा जळाला, तो मे महिना त्यांना आंब्यासकट आवडत नाही. आणि १२ जुलै १९६१. पानशेतचं धरण फुटलं. तेव्हा काका लहान होते. नदीकाठच्या पेठांतले मातीच्या भिंतींचे वाडे पाण्यात ढेकळासारखे विरघळले, ते त्यांनी वडिलांच्या खांद्यावरून पाहिलं. त्या तारखेबद्दल ते फार बोलत नाहीत. पिशवी घरी ठेवतात.

पण जुन्याच्या प्रेमाला कुठे थांबायचं हे त्यांना कळत नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात चांदणी चौकातला पूल पाडला तेव्हाची गोष्ट. आम्ही भुकूम, भूगाव, पिरंगुटची माणसं त्या पुलापाशी आयुष्याची किती वर्षं खोळंबलो असू, त्याचा हिशेब नाही. मध्यरात्री स्फोट झाला, आम्ही टीव्हीपुढे टाळ्या वाजवल्या, आणि धुरळा खाली बसल्यावर दिसलं की पूल सगळा पडलेला नाही. उरलेला यंत्रं लावून पाडावा लागला. सकाळी तीन ठोके. दारात काका, डोळ्यांत तेज. "पाहिलंत? जुनं काम!"

"काका, तीसेक वर्षांचा पूल तो."

"म्हणजे तुमच्या दारापेक्षा जुनाच की."

वर्षातून दोनदा काका मला पौडच्या बसने शहरात नेतात आणि पेठांतून फिरवतात. ते फिरणं म्हणजे निम्मं दर्शन, निम्मं सुतक. इथे अमुक होता, तिथे तमुक होता, आणि होता तिथे खाली दुकानं, वर पाच मजले, नाव मात्र 'अमुक वाडा अपार्टमेंट'. विश्रामबाग वाड्याच्या सज्जाखाली ते दहा मिनिटं वर बघत उभे राहतात आणि मागच्या लोकांची वाट अडवतात. भिडे वाड्याच्या जागी आले की गप्प होतात. १ जानेवारी १८४८ ला जोतिराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा भरवली ती ही जागा. वर्षानुवर्षं खटला चालला, वाडा पडत राहिला, आणि सर्वोच्च न्यायालयातून निकाल लागल्यावर २०२३ च्या डिसेंबरात उरलेला पाडला, स्मारक बांधायला. "आपल्याला वास्तू नको असते," काका म्हणाले, "स्मारक हवं असतं. स्मारकाला कौलं चाळावी लागत नाहीत." बोलून झाल्यावर त्यांना स्वतःचीच शेवटची सही आठवली असावी, कारण लगेच मला भेळ खाऊ घातली.

तिथून शनिवार पेठेत त्यांच्या बहिणीच्या सासरी जायचं. तो वाडा शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत येतो. २०१० च्या केंद्राच्या कायद्याने संरक्षित स्मारकाभोवती शंभर मीटरांत नवं बांधकाम बंद, आणि दुरुस्ती करायची तर तिलाही परवानगी. त्यामुळे वाडा पाडून बांधता येत नाही आणि आहे तसा राहता येत नाही. माडीवर लोखंडी टेकू, टेकूंना दोरी, दोरीवर कपडे. ताई विचारतात, "दादा, आमचा वाडा वाचला का रे?" काकांकडे याला उत्तर नसतं. ते खांबावर ठोकतात, कान लावतात आणि म्हणतात, "आतून भरीव आहे गं." ताईंना तेवढं पुरतं. मला तो कायदा बरोबर वाटतो आणि ताईंचंही बरोबर वाटतं. घरी येईपर्यंत डोकं दुखतं.

शहरात निदान यादी आहे, समिती आहे, प्रती आहेत. गावठाणात घराचा निकाल घरातच लागतो: एक आई, दोन भाऊ, एक ठेकेदार. भुकूमच्या गावठाणात आतल्या आळीला असं एक घर होतं. पुढे ओटी, ओटीला तीन सागवानी खांब, वर मंगलोरी कौलं, मागे गोठा. थोरला भाऊ हमरस्त्यावर हार्डवेअरचं दुकान चालवतो, धाकटा पिरंगुटला कंपनीत. घर पाडून स्लॅब टाकायचं ठरलं आहे, हे काकांना दूधवाल्याकडून कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवीसकट ते ओटीवर हजर.

महिनाभर ते रोज जात होते. त्या घरच्या आजी त्यांना 'इंजनेर' म्हणत आणि चहा देत. काकांनी दारं मोजली, कोनाडे मोजले, कौलं उलटी करून त्यांवरची अक्षरं वाचली. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, तिथपासूनची कथा आजींना सांगितली. आजींनी ती शांतपणे ऐकून "पन गळत्यात" एवढंच म्हटलं. मग माजघरातल्या तुळईपाशी काका अडले. तुळईत तीन खाचा होत्या, आणि त्यांत काहीच बसवलेलं नव्हतं. वासा नाही, खुंटी नाही. रिकाम्या खाचा. दोन दिवस ते त्यावर तर्क करत होते, मला फोनवर चित्रं पाठवत होते. शेवटी आजींनाच विचारलं.

"त्या व्हय?" आजी म्हणाल्या. "सासऱ्यांनी जुनं घर पाडून हे बांधलं नव्हं का. तुळई तिकडची हाय."

काका तीन दिवस कुणाच्या दारावर ठोकायला गेले नाहीत.

चौथ्या दिवशी मात्र ग्रामसभा होती, १५ ऑगस्टची, आणि ठरलेलं भाषण टाकून देणाऱ्यांतले काका नव्हेत. ऐनवेळच्या विषयांत ते उठले. गावठाणाचं रूप, आळीची रांग, सारख्या उंचीच्या पागोळ्या, असं सगळं बोलले. आमच्याच खाटपेवाडीला उगम पावणारी रामनदी खाली पाषाणपर्यंत जाते तशी गावाची ओळखही वाहून जाईल, असंही एक वाक्य होतं. ते त्यांनी रात्री माझ्याकडून तपासून घेतलं होतं आणि मी काढा म्हटलं होतं. लोकांनी आदराने ऐकलं. मग धाकटा उठला. पोरगा गुणी, आवाजही चढवला नाही. "काका, तुम्ही सातव्या मजल्यावरनं बघता म्हणून आमची कौलं छान दिसत्यात. खालून बघा, आभाळ दिसतं. एक पावसाळा राहा की आमच्यात, आईच्या खोलीत." लोक हसले. मागून कुणीतरी विचारलं, "तुमचा वाडा कुठं गेला, काका?"

मी खाली मान घातली. काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, "पार्किंगमध्ये आहे."

सभा खो खो हसली. काकाही हसले, आणि हसता हसता खाली बसले.

दिवाळीनंतर घर उतरवायला काढलं. पहिल्या दिवशी काका गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी जुन्या लाकडाचा व्यापारी टेम्पो घेऊन आला आहे आणि घनफुटाने भाव ठरतो आहे असं कळल्यावर ते चपला न घालताच निघाले. काकूंनी मागून चपला पाठवल्या, माझ्या हातून. मी पोचलो तेव्हा काका अंगणात उकिडवे बसून एकेका वाशावर खडूने नंबर घालत होते आणि व्यापाऱ्याला पेशवाईपासूनचा हिशेब सांगत होते. व्यापारी कंटाळून अर्ध्या मालावर निघून गेला. थोरल्याला राग येईल असं मला वाटलं होतं. तो म्हणाला, "राहू द्या, बापाच्या हातचं हाय."

नव्या घराला स्लॅब आहे, फरशी आहे, आजींच्या खोलीला लागून संडास आहे. पुढे ओटीही आहे, कारण काकांनी आलेखाच्या कागदावर काढलेली ओटी धाकट्याने ठेकेदाराला दाखवली. तिला तेच तीन खांब लावायचे ठरले, पण स्लॅबची उंची जास्त आणि खांब आखूड. ठेकेदार म्हणाला, खाली सिमेंटचे ठोकळे देऊ. काका घरी आले, बाल्कनीतल्या तुळशीची आणि कोरफडीची कुंडी खाली उतरवली, आणि त्याखालचे दोन तळखडे रिक्षात घालून गावठाणात नेले. सदाशिव पेठेतल्या दगडांवर आता भुकूमचे दोन खांब उभे आहेत. तिसऱ्याखाली सिमेंटचा ठोकळा आहे. तिथून जाताना काका तिकडे बघत नाहीत.

रिकाम्या खाचांची तुळई ओटीवर बसायला आडवी टाकली आहे. एका खाचेत आजी तंबाखूची डबी ठेवतात. वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो होतो. पाऊस नव्हता, तरी काकूंनी आत जाऊन छताकडे नीट बघितलं आणि आजींचा हात धरून म्हणाल्या, "सुटलात." काका बाहेर धाकट्याला सांगत होते, "ग्रेड थ्री." मग जरा थांबून, "टू-बी म्हणायला हरकत नाही."

तर वाचकहो, मुळशीत, मावळात, पेठांत, कुठेही तुमचं जुनं घर पाडायचं ठरत असेल तर काका येऊन अडवतील ही भीती बाळगू नका. आता ते अडवत नाहीत, मोजतात. व्यापाऱ्याला बोलावण्याआधी चार दिवस तेवढे आम्हाला कळवा. पौडची बस मिळाली की ते निघतात. चहा बिनसाखरेचा. आणि बेल वाजली नाही म्हणून कुणी आलं नाही असं समजू नका, दाराला कान लावून बघा.